वस्त्राची उलटी बाजू

गेल्या दिवाळीपूर्वीच्या एका सायंकाळी आम्ही आमच्या कपाटासमोर बराच वेळ उभे होतो. वास्तविक एका धर्मगुरूच्या कपाटात निवड करावी असे फारसे काही नसते. दोन पांढरे झगे, चार-पाच शर्ट, तेवढ्याच पँटी आणि कोणीतरी भेट दिलेला खादीचा झब्बा. तरीही त्या दिवशी निर्णय होईना, याचे कारण निमंत्रणच तसे होते. आमच्या धर्मग्रामातील एक मुलगी पुण्याला वस्त्ररचनेचे शिक्षण घेऊन परतली होती. तिने तयार केलेल्या सणासुदीच्या व लग्नसराईच्या पोशाखांचे अनावरण औरंगपुऱ्यातील एका कापड दुकानाच्या वरच्या मजल्यावरील सभागृहात व्हायचे होते. "फादर, तुम्ही यायचंच, आणि आशीर्वादाचे दोन शब्द बोलायचे," असे ती निक्षून सांगून गेली होती.

झगा घालून गेलो तर लोक अवघडतील. शर्ट-पँट घातली तर गर्दीत हरवून जाऊ. अखेर आम्ही खादीचा झब्बा अंगात घातला. त्या वेळी मनाशी म्हटले, साधेपणा बरा. त्या 'साधेपणा'त काय काय दडले होते, हे आम्हांला पुढच्या दोन तासांत कळायचे होते.

दिवाळी तोंडावर आली की आपल्या शहरातील गुलमंडी आणि औरंगपुरा या भागांत पाय ठेवायला जागा नसते. कपड्यांची दुकाने, पदपथावर मांडलेले फराळाचे साचे, पणत्या, आकाशकंदील या सगळ्यांतून वाट काढत आम्ही त्या सभागृहात पोहोचलो. आत थंडगार हवा होती, मंद संगीत होते आणि भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिले होते, 'स्वतःसारखे दिसा.' त्या वाक्याखाली आठ तरुण मुली व चार तरुण ओळीने येऊन वळून जात होते. पोशाख सुंदर होते, हे प्रथमच सांगितले पाहिजे. मुलीच्या हातात कसब आहे आणि रंगांची तिला उपजत जाण आहे. परंतु एक गोष्ट आमच्या नजरेतून सुटली नाही. ती बाराही मुले एकाच पद्धतीने चालत होती, एकाच पद्धतीने थांबत होती, आणि त्यांच्या चेहऱ्यांवर एकच एक अलिप्त भाव होता. 'स्वतःसारखे दिसा' या पाटीखाली कोणीच स्वतःसारखे दिसत नव्हते.

आमच्या मनात असे उपरोधिक विचार चालू असतानाच शेजारचे एक गृहस्थ आमच्याकडे वळून म्हणाले, "फादर, खरी स्टाईल तर तुमची! एवढ्या झगमगाटात हा खादीचा झब्बा! मानलं तुम्हाला."

वाचकहो, आम्हांला आनंद झाला. तो लपवण्यात अर्थ नाही. आम्ही नम्रपणे हसलो, आणि तसे नम्रपणे हसताना आपण कसे दिसत असू, हाही विचार मनात येऊन गेला. मग क्षणार्धात उमगले की कपाटासमोर आम्ही जे उभे राहिलो होतो ते याच वाक्यासाठी. ती बारा मुले निदान उघडपणे प्रदर्शन करीत होती. त्यांना त्याचेच पैसे मिळत होते. आमचे प्रदर्शन चोरटे होते.

कार्यक्रम संपल्यावर त्या मुलीने आम्हांला एका कोपऱ्यात नेले. तिच्या हातात एक शेरवानी होती. तिच्या कॉलरला अडकवलेली चिठ्ठी तिने दाखवली. चिठ्ठीवर एकच शब्द ठळक छापला होता, 'हिमरू.' ती हळू आवाजात म्हणाली, "फादर, हे हिमरू नाही. नक्षी हिमरूची आहे. मी जुन्या शाली बघून काढली. पण कापड यंत्रमागावरचं आहे, आणि धागाही रेशमाचा नाही. मला चिठ्ठीवर तसं लिहायचं होतं. ज्यांनी पैसे घातलेत ते म्हणाले, एवढं कोण वाचतं? लोकांना नाव हवं असतं. हे खोटं आहे का, फादर? आणि खरं सांगा, या सगळ्यात माझं स्वतःचं असं काही दिसलं का तुम्हाला?"

आम्ही काय उत्तर दिले? "व्यवसायात सुरुवातीला थोडे सांभाळून घ्यावे लागते, प्रार्थना कर," असे काहीतरी पुटपुटलो. लोक भोवती होते, सरबताचे पेले फिरत होते, आणि आमच्या झब्ब्याची नुकतीच स्तुती झाली होती. निघताना आम्ही तिला विचारले, "आई दिसली नाही कुठे?" तिचा चेहरा उतरला. "बोलावलं होतं. नाही आली. हातशिलाई सगळी तिने आणि गल्लीतल्या बायकांनी केली आहे. त्यांतली कोणीच नाही आली."

परतताना आम्ही महात्मा फुले यांच्या पुतळ्याजवळून आलो. औरंगपुऱ्यात येणाऱ्या-जाणाऱ्याच्या तो इतका ओळखीचा आहे की त्याच्याकडे कोणी मुद्दाम पाहत नाही. त्या रात्री मात्र आमची पावले तेथे रेंगाळली, कारण वेषासंबंधीची एक घटना आठवली. ती २ मार्च १८८८ रोजी पुण्यात घडली. राणी व्हिक्टोरियाचे पुत्र ड्यूक ऑफ कॅनॉट यांच्या सन्मानार्थ हरी रावजी चिपळूणकर यांनी मेजवानी दिली होती. शहरातील प्रतिष्ठित मंडळी जरीच्या अंगरख्यांत व दागदागिन्यांत आली होती. जोतीराव आले ते सामान्य शेतकऱ्याच्या वेषात. भाषणाला उभे राहून त्यांनी सांगितले की येथे जमलेल्यांच्या हिऱ्यामोत्यांवरून या देशाची कल्पना करू नये. खरा देश पाहायचा असेल तर खेड्यांत जाऊन पाहावा, आणि त्या लोकांना शिक्षण हवे आहे हे राणीला कळवावे.

आता एक प्रश्न विचारला पाहिजे, आणि तो आम्ही स्वतःच्या झब्ब्याकडे पाहत विचारला. जोतीराव काही फाटके गृहस्थ नव्हते. त्यांनी बांधकामाची कंत्राटे घेतली होती, उद्योगधंदा केला होता, पुणे नगरपालिकेचे ते सदस्य राहिले होते. चांगले कपडे त्यांच्याजवळ खचितच असतील. म्हणजे त्या दिवशीचा शेतकऱ्याचा वेष त्यांनीही निवडूनच घेतला होता. पाहणाऱ्यांनी पाहावे म्हणूनच घातला होता. मग त्यांचा वेष सच्चा आणि आमचा झब्बा खोटा, असे कोणत्या न्यायाने म्हणायचे?

आम्हांला जो फरक दिसला तो असा. जोतीरावांच्या वेषाकडे पाहणाऱ्याला जोतीराव दिसून भागत नव्हते. त्या मेजवानीला ज्यांना निमंत्रण नव्हते असे लाखो लोक त्या वेषातून दिसू लागत होते. आमच्या झब्ब्यातून मात्र आमच्यावाचून दुसरे कोणीच दिसत नव्हते. सभागृहात ज्यांच्या बोटांनी ते काजे, ती तुरपाई, ती अस्तरे घातली त्या बायका नव्हत्या, आणि त्यांची आठवण आम्हांला झाली ती दाराबाहेर पडताना.

स्वतःची खरी शैली कोणती, हा प्रश्न आजच्या तरुण पिढीला फार छळतो. आमच्याकडे पापनिवेदनाला येणारी मुलेमुलीदेखील या ना त्या शब्दांत तोच विचारतात. त्यांना वाटते की जे कोणाचेही नाही, जे कोठूनही घेतलेले नाही, ते खरे. आणि जे घेतलेले ते खोटे. ही समजूत तपासून पाहण्यासारखी आहे, आणि ती तपासायला त्या चिठ्ठीवरच्या हिमरूइतके चांगले उदाहरण शोधून सापडणार नाही.

छत्रपती संभाजीनगर, म्हणजे पूर्वीचे औरंगाबाद, ज्या वस्त्रांसाठी ओळखले गेले त्यांत हिमरू अग्रगण्य आहे. मुहम्मद तुघलकाने १३२७ च्या सुमारास राजधानी दौलताबादला हलवली तेव्हा त्याच्याबरोबर आलेल्या विणकरांनी ही कला येथे रुजवली, असे परंपरा सांगते. सोन्याचांदीच्या तारांनी विणलेला किनखाब हा राजेरजवाड्यांचा. तो ज्यांना परवडत नव्हता त्यांच्यासाठी सुती ताण्यावर रेशमी धाग्यांनी तशीच नक्षी उठवून हिमरू विणला जाई. त्याच्या नावाची व्युत्पत्तीही सामान्यतः 'सारखा', 'त्यासम' अशा अर्थाच्या फारसी शब्दापासून सांगितली जाते. म्हणजे पाहा, ज्याला आपण या नगरीचे अस्सल वस्त्र म्हणून अभिमानाने मिरवतो, ते जन्माला आले नक्कल म्हणून! परंतु ती नक्कल प्रामाणिक होती. तिने आपल्या नावातच कबुली दिली की मी किनखाब नव्हे, किनखाबासारखा आहे. ज्याने अशी कबुली दिली त्याला मग स्वतःचे रूप घ्यायला मोकळीक मिळाली. सुताचा मऊपणा, पाठीमागे सुटलेल्या धाग्यांनी येणारी ऊब, अंगावर हलके बसणे, हे हिमरूचे गुण आहेत. शतकानुशतके हात त्याच नक्षीवर फिरत राहिले आणि उसने घेतलेले आपले होऊन गेले. आज त्याचे हातमाग मोजकेच उरले आहेत.

यावरून असे दिसते की घेणे हा दोष नव्हे. मूल आईच्या तोंडून भाषा घेते, शिष्य गुरूची बैठक घेतो. आम्ही सेमिनरीत असताना एका वृद्ध प्राध्यापकांप्रमाणे पाठीशी हात बांधून चालायला शिकलो. आज ती सवय आमची आहे. कधी कधी तर दुसऱ्याचे घेणे हाच सत्याचा मार्ग ठरतो. डिसेंबर १९२७ मध्ये महाड येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी जमलेल्या स्त्रियांना सांगितले की तुमच्या लुगडे नेसण्याच्या पद्धतीवरून आणि अंगावरच्या जड, हलक्या धातूच्या दागिन्यांवरून तुमची जात ओळखली जाते. ती पद्धत सोडा, पांढरपेशा स्त्रियांप्रमाणे नेसा, स्वच्छ राहा. वरवर पाहता हे अनुकरण होते. पण जी जुनी पद्धत त्या स्त्रियांची 'स्वतःची' म्हणवली जात होती ती त्यांनी निवडलेली नव्हती, ती त्यांच्यावर लादलेली खूण होती. ती टाकून नवी नेसण घेणारी स्त्री दुसऱ्या कोणासारखी दिसू पाहत नव्हती. माणसासारखी दिसू पाहत होती. मराठवाड्यातील आपल्या अनेक ख्रिस्ती कुटुंबांचे पूर्वज गावकुसाबाहेरच राहिले आहेत. नीटनेटक्या पोशाखात रविवारच्या मिस्साला येण्यात त्या पिढ्यांना काय वाटत असेल, ते आपण विसरू नये, आणि त्यांच्या नातवंडांच्या नव्या कपड्यांवर व्यासपीठावरून उठसूट टीकाही करू नये. हे आम्ही प्रथम स्वतःला सांगत आहोत.

आपल्या धर्मप्रांताचे कॅथेड्रल ज्यांच्या नावाने उभे आहे त्या संत फ्रान्सिस द सेल्स यांनी १६०९ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या 'भक्तिमय जीवनाचा परिचय' या ग्रंथात पोशाखासाठी एक स्वतंत्र प्रकरण खर्ची घातले आहे. प्रपंचात राहणाऱ्या माणसांसाठी लिहिताना त्यांनी वस्त्रांना तुच्छ लेखले नाही. त्यांचा आशय असा की भाविक माणसाने चार जणांत चांगलेच दिसावे, प्रसंग व परिस्थिती पाहून वेष करावा, पण त्यात दिमाख नसावा. आणि गबाळेपणाने वावरणे हा भेटणाऱ्यांचा एक प्रकारे अनादरच आहे. म्हणजे या संताच्या दृष्टीने पोशाख ही आपण दुसऱ्याला दिलेली आदराची भेट आहे. प्रभू येशूने तर याहून खोल जाऊन उपवास करणाऱ्यांना सावध केले. मत्तयच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात तो सांगतो की उपवासाच्या दिवशी चेहरा उतरवून फिरू नका. तोंड धुवा, डोक्याला तेल लावा. आजवर या वचनांवर आम्ही कितीदा प्रवचन केले असेल! उतरलेला चेहरा हाही एक पोशाख असू शकतो, आणि खादीचा झब्बासुद्धा, हे मात्र औरंगपुऱ्यातील त्या गृहस्थांच्या कौतुकाने आम्हांला शिकवले.

दुसऱ्या दिवशी सायंकाळी आम्ही त्या मुलीच्या घरी गेलो. आई शिवणयंत्रासमोर होती. न येण्याचे कारण विचारल्यावर तिने प्रथम कामाची सबब सांगितली, मग थोडे थांबून म्हणाली, "साडी नव्हती असं नाही, फादर. माझ्या लग्नातली आहे, जपून ठेवलेली. पण तिथली माणसं आधी साडीकडे बघणार, मग माझ्याकडे. आणि पोरगी ते बघणार. तिला लाज वाटली असती असं नाही म्हणत मी. पण वाटली असती तर?" मुलगी दाराशी उभी राहून ऐकत होती. ती काही बोलली नाही.

मग आईने कालच्यातलीच एक शेरवानी उचलली आणि आमच्यासमोर ती उलटी केली. अस्तराच्या कडेने इतकी बारीक, सारखी तुरपाई होती की टाका दिसू नये. ती म्हणाली, "कापड उलटं करून बघायचं असतं, फादर. माझं माहेर पैठणकडचं. आजी म्हणायची, पैठणीचा पदर सुलटा बघून घेऊ नको, पाठीमागून बघ. मागून-पुढून सारखा असला तरच घे." तिचे म्हणणे खरे आहे. अस्सल पैठणीच्या पदरावरील मोर, मुनिया किंवा कमळ हे रंगारंगांचे आडवे धागे हाताने ताण्यात गुंतवून विणलेले असते. त्यामुळे पदराची पाठ जवळजवळ समोरच्या बाजूसारखीच दिसते. यंत्रावरच्या नकलेत मात्र मागे धाग्यांचे लोंबते जाळे राहते, किंवा ते कापून टाकलेले असते. हिमरूच्याही मागे धागे सुटे असतात, पण हिमरू ते लपवीत नाही. तीच त्याची ऊब. लबाडी सुरू होते ती उलटी बाजू कोणी पाहणार नाही या भरवशावर सुलटी बाजू सजवली जाते तेव्हा.

आदल्या दिवशी टाळलेले उत्तर आम्ही त्या मुलीला तेथे दिले, आणि टाळल्याबद्दल तिची क्षमाही मागितली. आम्ही म्हणालो, "बाळ, तू हिमरूची नक्षी घेतलीस यात खोटे काही नाही. हिमरूनेही ती दुसऱ्याकडून घेतली होती. पण हिमरूने आपल्या नावात 'सारखा' हा शब्द ठेवला, आणि तुझ्या चिठ्ठीवरून तो गळाला. खोटे असेल तर तेवढेच आहे, पण तेवढे आहे. आणि तुझे स्वतःचे काय दिसले असे विचारलेस, तर रंग तुझे आहेत, आणि ही तुरपाई तुझी आहे, कारण ती तुझ्या आईची आहे. काल ती झाकलेली होती."

नैतिक प्रश्नांची उत्तरे देणे धर्मगुरूला सोपे असते. त्यांची किंमत दुसरे भरतात. त्या मुलीच्या डोक्यावर कर्ज आहे, आणि पैसे घालणाऱ्यांचे मन मोडले तर पुढचा हंगाम मिळेलच असे नाही. हे ठाऊक असूनही आम्ही बोललो, कारण तिने विचारले होते. तिने त्या वेळी होकार दिला नाही, नकारही दिला नाही. "बघते, फादर," एवढेच म्हणाली.

तीन आठवड्यांनी मिस्सानंतर तिने आमच्या हातात एक नवी चिठ्ठी ठेवली. छापील नव्हती, हाताने लिहिलेली होती. 'नक्षी हिमरूवरून घेतलेली. कापड यंत्रमागाचे. हातशिलाई आई आणि तिच्या चार मैत्रिणींची.' पैसे घालणाऱ्यांनी कुरकुर केली, पण उरलेल्या पोशाखांना ही चिठ्ठी लावू दिली, असे तिने सांगितले. विक्री वाढली की घटली हे आम्ही विचारले नाही. तिची आई मागे थोड्या अंतरावर उभी होती. तिच्या अंगावर लग्नातली जांभळी साडी होती.

येत्या काही महिन्यांत आपल्या धर्मग्रामात लग्ने होतील, लहान मुलांच्या प्रथम कम्युनियनचा सोहळा होईल. पांढऱ्या फ्रॉकसाठी आणि लग्नाच्या शालूसाठी आपल्यातील काही घरांत कर्जे काढली जातील. ती फेडताना वर्ष सरेल. कोणी काय नेसावे हे सांगण्याचा अधिकार आम्हांला नाही. आम्ही फक्त एवढी विनंती करतो की खरेदीला निघण्यापूर्वी घरातील सर्वांनी एकत्र बसून विचारावे, या वस्त्राने आपण कोणाचा मान राखणार आहोत, आणि यापायी सोहळ्याला येण्याचे कोणी टाळणार तर नाही ना? एखादी मावशी, एखादी आजी, एखादा शेजारी जर केवळ कपड्यांपायी दाराबाहेर राहणार असेल, तर आपल्या पोशाखाची उलटी बाजू अजून शिवायची राहिली आहे, असे समजावे.

आमचा खादीचा झब्बा सध्या कपाटात घडी घालून ठेवला आहे. तो पुन्हा घालू तेव्हा आरशासमोर उभे राहण्याची वेळ थोडी कमी असावी, एवढीच प्रभूचरणी प्रार्थना.